जोखीम आणि जीवनपरिवर्तन : नागसेनवनाच्या निमित्ताने

'जोखीम' हा शब्द आज आपण धोका या अर्थाने सर्रास वापरतो. जुन्या व्यवहारात मात्र त्याला आणखी एक अर्थ होता. प्रवासात बरोबर न्यावयाचा दागिना, रोकड किंवा दुसऱ्याने विश्वासाने सोपविलेली चीजवस्तू हिलाही जोखीम म्हणत. ती ज्याच्या स्वाधीन असे, त्याच्याच माथी तिची जबाबदारी येई. किनाऱ्यावरील व्यापारात 'जोखमी हुंडी' नावाचा एक प्रकार प्रचलित होता. माल गलबतावर चढविणारा व्यापारी माल घेणाऱ्यावर हुंडी लिही व ती तिसऱ्याच एका सावकारास विकून आपले पैसे आधीच मोकळे करून घेई. गलबत सुखरूप पोहोचले तरच त्या हुंडीचे पैसे देय होत. ते बुडाले, तर नुकसान हुंडी विकत घेणाऱ्या सावकाराचे होई आणि माल पाठविणारा निर्धास्त राही. वादळ तेच, समुद्र तोच आणि गलबतही तेच. परंतु कागदाच्या एका तुकड्यामुळे धोक्याचे ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाई.

जोखमीसंबंधीच्या विवेचनात ही साधी गोष्ट वारंवार विसरली जाते. आयुष्यात काही इष्ट बदल घडवावयाचा तर माणसाने धाडस केले पाहिजे, असा उपदेश सर्वत्र ऐकू येतो आणि धाडस हा जणू स्वभावाचा गुण आहे, काहींच्या ठिकाणी तो असतो व काहींच्या ठिकाणी नसतो, असे त्यात गृहीत धरलेले असते. संस्कृतातील 'साहस' या शब्दाचा इतिहास पाहता आपल्या पूर्वजांना या गुणाचे सरसकट कौतुक नव्हते, असे दिसते. धर्मशास्त्रातील अठरा व्यवहारपदांत साहस हे एक पद असून तेथे त्याचा अर्थ बळाच्या जोरावर केलेला अपराध असा आहे. कौतुक आणि निंदा यांच्यामध्ये वावरणाऱ्या या कल्पनेचा विचार स्वभावाच्या अंगाने न करता परिस्थितीच्या अंगाने केल्यास काय हाती लागते, हे पाहणे उद्बोधक ठरेल. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, या शहराच्या सीमेवरील नागसेनवन हा परिसर या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

प्रथम तात्त्विक बाजू थोडक्यात पाहू. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट याने 1921 साली जोखीम आणि अनिश्चितता यांत भेद केला. ज्या संकटाची संभाव्यता मोजता येते ती जोखीम, आणि जिचे गणितच मांडता येत नाही ती अनिश्चितता. फाशाच्या खेळात जोखीम असते. गाव सोडून अनोळखी शहरी शिकावयास जाणाऱ्या मुलापुढे असते ती बहुतांशी अनिश्चितता. कारण त्याच्याआधी त्या वाटेने कोणी गेलेलेच नसेल, तर किती तरले आणि किती बुडाले याचा हिशेब कोठून यावयाचा? पुढे 1976 साली जेम्स स्कॉट याने आग्नेय आशियातील शेतकऱ्यांच्या अभ्यासातून असे दाखविले की, निर्वाहाच्या काठावर जगणारा शेतकरी जास्तीत जास्त उत्पन्नाचा विचार करीत नाही. कमीत कमी उत्पन्न उपासमारीच्या रेषेखाली जाऊ नये, एवढेच तो पाहतो. मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकरी ज्वारीच्या पाभरीत तुरीचे तास घालतो, त्यामागील शहाणपण हेच आहे. पावसाने दगा दिला तरी दोहोंपैकी एक पीक काही ना काही हाती लागते. अशा माणसास भित्रा म्हणणे हे त्याच्या अंकगणिताचे अज्ञान होय.

तिसरा विचार मानसशास्त्राकडून आला. डॅनियल काहनेमन व एमॉस ट्वर्स्की यांच्या 1979 च्या निबंधात दोन गोष्टी मांडल्या आहेत. एक अशी की, समान रकमेच्या लाभाने होणाऱ्या आनंदापेक्षा हानीचे दुःख माणसास पुष्कळच अधिक वाटते. म्हणून लाभाच्या बाजूस असलेला मनुष्य जोखीम टाळतो. दुसरी गोष्ट तितकीशी लक्षात घेतली जात नाही. हानीच्या बाजूस असलेला, म्हणजे आपली आजची स्थिती हीच मुळी तोट्याची आहे असे मानणारा मनुष्य, जोखीम पत्करावयास सिद्ध होतो. तेव्हा एखादी व्यक्ती धाडस करील की नाही, हे ती कोठे उभी आहे यावर जितके अवलंबून असते, तितकेच ती स्वतः कोठे उभी आहे असे समजते यावरही असते. पुढील विवेचनात या दुसऱ्या मुद्द्याचे महत्त्व स्पष्ट होईल.

1950 पूर्वीच्या मराठवाड्यातील उच्च शिक्षणाची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणमाध्यम उर्दू होते. औरंगाबादेस इंटरमीजिएटपर्यंतचे महाविद्यालय होते. पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे. मराठी बोलणाऱ्या सवर्ण कुटुंबासही हे सोपे नव्हते. महारवाड्यातील मुलाची अडचण याहून मूलगामी होती. गावगाड्यातील महाराची चाकरी ही एका व्यक्तीची नसून घराची असे. निरोप पोहोचविणे, गावच्या सीमेची साक्ष देणे, सरकारी अंमलदारांची सरबराई करणे, मेलेली जनावरे ओढणे ही कामे घरातील जो हाताशी असेल त्याने करावयाची आणि त्याबद्दल सुगीत बलुते घ्यावयाचे. मुलगा शाळेत गेला की चाकरीचा एक हात कमी होई. तो गावाच्या डोळ्यावर आला की बलुतेच बंद होण्याचे भय असे. म्हणजे शिकावयास निघालेल्या मुलाच्या जोखमीत त्याच्या आईबापांची भाकरीही गुंतलेली असे. ज्या तुटपुंज्या वतनाने माणसास जगविले, त्यानेच त्यास जखडून ठेवले, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ओळखले होते. मुंबई इलाख्यातील वतनदार महारांची या बंधनातून सुटका व्हावी म्हणून त्यांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले होते. परंतु ते संमत होऊ शकले नाही.

आंबेडकरांच्या स्वतःच्या आयुष्यातील एक प्रसंग येथे उल्लेखनीय आहे. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते 1913 साली कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तेथून लंडनला. 1917 साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. बडोद्यास नोकरी मिळाली. राहावयास जागा मिळेना. 1918 च्या अखेरीस मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात त्यांना प्राध्यापकाची जागा मिळाली, आणि 1920 साली ती सोडून ते पुन्हा लंडनला गेले. चरित्रकार या घटनेकडे निश्चयाचा नमुना म्हणून पाहतात, आणि तसे पाहणे योग्यच आहे. परंतु तिची घडणही पाहण्याजोगी आहे. मधल्या काळात त्यांनी काटकसरीने पगारातून शिल्लक टाकली, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य मिळविले आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून कर्जाऊ रक्कम घेतली. शिल्लक, देणगी आणि कर्ज अशा तीन दोरांनी बांधून घेतलेली ही उडी होती. पुढे संस्था उभारताना या अनुभवाचा त्यांस विसर पडला नाही, असे त्या संस्थांच्या रचनेवरून म्हणता येते.

1942 साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी केंद्र सरकारच्या द्रव्यसाहाय्याची मागणी लावून धरली. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना 1944 पासून अमलात आली. 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि 1946 साली मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय निघाले. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर मराठवाड्याकडे लक्ष देणे शक्य झाले. जून 1950 मध्ये सोसायटीचे महाविद्यालय औरंगाबादेस सुरू झाले व 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. पुढे त्यास 'मिलिंद' हे नाव मिळाले आणि परिसरास 'नागसेनवन'. भिक्षू नागसेनास प्रश्नांमागून प्रश्न विचारणाऱ्या आणि समाधान झाल्याविना माघार न घेणाऱ्या यवन राजाचे नाव विद्यालयास द्यावे, यातील औचित्य वेगळे सांगावयास नको.

मुंबईच्या महाविद्यालयात नोकरी करणारे विद्यार्थी सकाळी तासांना येत. तेथील रचना त्यांच्या सोयीची होती. औरंगाबादेस नोकऱ्या नव्हत्या आणि विद्यार्थी येत ते खेड्यांतून. म्हणून येथे वसतिगृहास प्राधान्य आले. सामान्यतः वसतिगृह ही शिक्षणसंस्थेची पुरवणी मानली जाते. नागसेनवनात ते पायाभूत होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. शहरात भाड्याने खोली मागावयास जाणाऱ्या अस्पृश्य विद्यार्थ्यास जात विचारली जाई. बडोद्यास खुद्द संस्थापकास जे भोगावे लागले, ते येथे सतरा-अठरा वर्षांच्या मुलास भोगावे लागू नये, ही पहिली सोय. शिष्यवृत्तीची रक्कम हाती पडेपर्यंत मुलाने जेवावयाचे काय, ही दुसरी. आणि तिसरी सोय, जिचा हिशेब कोणत्याही जमाखर्चात होत नाही, ती अशी की आपल्यासारखाच, आपल्याच तालुक्यातून आलेला, एक-दोन वर्षे पुढे असलेला मुलगा शेजारच्या खोलीत राहात असे. नाइटच्या परिभाषेत बोलावयाचे तर या शेजाऱ्यामुळे अनिश्चिततेचे जोखमीत रूपांतर झाले. वाट मोजता येऊ लागली. सुटीत गावी परतलेला विद्यार्थी हा तर त्या वाटेचा चालता-बोलता पुरावाच होता.

प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्या कारकीर्दीत विद्यालयास जे वळण लागले, त्यासंबंधी स्वतंत्रपणे लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. त्यांचे 'युगयात्रा' हे नाटक महाविद्यालयात आंबेडकरांसमोर झाले आणि पुढे नागपूरच्या धम्मदीक्षेच्या वेळीही त्याचा प्रयोग झाला. डॉ. म. ना. वानखेडे, डॉ. गंगाधर पानतावणे या प्राध्यापकांच्या प्रयत्नांतून साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात 'अस्मिता' आणि नंतर 'अस्मितादर्श' ही नियतकालिके निघाली व दलित साहित्याच्या चळवळीचे एक केंद्र औरंगाबादेस निर्माण झाले. हे सारे प्रसिद्धच आहे. प्रस्तुत मुद्दा एवढाच की, 1950 च्या आधी मराठवाड्यातील महारवाड्यांत धाडसी मुले नव्हती आणि 1950 नंतर एकाएकी ती जन्मास येऊ लागली, असे कोणी म्हणणार नाही. मुले तीच होती. पडल्यास किती खोल पडावयाचे, ती खोली बदलली. शिष्यवृत्ती परत फेडावयाची नव्हती. गलबत बुडाले तर नुकसान सरकारचे व सोसायटीचे होणार होते. पाठविणाऱ्या घराचे एक वर्ष जाई, पण ते घर सावकाराच्या दारी उभे राहात नसे.

या तर्कास अर्वाचीन संशोधनाचाही दुजोरा मिळतो. बांगलादेशातील रंगपूर भागात पिकाच्या आधीच्या टंचाईच्या महिन्यांत कुटुंबे अर्धपोटी राहतात; शहरात मजुरी मिळत असूनही अनेक जण जात नाहीत. 2008 साली तेथील काही निवडक कुटुंबांस प्रवासखर्चापुरती, सुमारे साडेआठ डॉलरची, मदत देऊन पाहिली गेली. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाच्या निष्कर्षांनुसार एवढ्या अल्प मदतीने 22 टक्के जास्त कुटुंबांनी एक माणूस बाहेर पाठविला, घरच्यांच्या खाण्यापिण्यात सुधारणा झाली आणि पुढील वर्षी मदत नसतानाही त्यांपैकी पुष्कळ जण पुन्हा गेले. ज्याच्याकडे एकदाच्या अपयशापुरतीही शिल्लक नाही, तो फायद्याचा प्रयोगदेखील करू शकत नाही. मात्र पुढे हीच योजना मोठ्या प्रमाणावर राबविली असता तसा परिणाम दिसून आला नाही. आधार कोण देतो आणि कोणाच्या हातून पोहोचतो, यासही तितकेच महत्त्व असावे, हा त्याचा एक संभाव्य अर्थ होय.

याउलट स्टीव्हन लेविट या अर्थशास्त्रज्ञाने 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाकडे पाहावे. नोकरी सोडावी की नाही यासारख्या प्रश्नांवर मन द्विधा झालेल्या हजारो लोकांनी त्याच्या सांगण्यावरून नाणे उडविले. ज्यांनी बदल केला ते सहा महिन्यांनंतर अधिक समाधानी असल्याचे आढळले. यावरून 'शंका असेल तर बदल करा' असा सल्ला काढण्याचा मोह होतो. परंतु नाणे उडवून निर्णय घेणारा मनुष्य हा दोन्ही बाजूंस पायाखाली जमीन असलेला मनुष्य होय. बलुत्यावर जगणाऱ्या घरास नाणे उडविण्याची चैन परवडत नाही.

येथपर्यंतचे विवेचन आधाराच्या बाजूने झाले. परंतु आधार मिळाला म्हणून धाडस झाले, हे सूत्र नागसेनवनाच्याच इतिहासातील एका मोठ्या घटनेस लागू पडत नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी आंबेडकरांनी नागपुरास लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती त्या वेळी हिंदू व शीख समाजापुरत्या मर्यादित होत्या. दीक्षा घेणारा विद्यार्थी कायद्याच्या दृष्टीने अनुसूचित जातीचा राहात नव्हता. ज्या शिष्यवृत्तीच्या बळावर तो नागसेनवनात आला, तिलाच तो मुकण्याचा संभव होता. महाराष्ट्र राज्याने 1960 मध्ये आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांस लागू केल्या. केंद्राच्या कायद्यात बौद्धांचा समावेश होण्यास 1990 साल उजाडावे लागले. असे असता 1951 च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या प्रदेशात जेमतेम अडीच हजार असलेली बौद्धांची संख्या 1961 मध्ये 27,89,501 झाली. दोर कापला जाणार हे दिसत असताना ही उडी घेतली गेली.

याचा उलगडा कसा करावयाचा? काहनेमन-ट्वर्स्की यांचा दुसरा मुद्दा येथे उपयोगी पडतो. ज्याने आपली स्थिती, म्हणजे मृत जनावर ओढणे, वेशीबाहेर राहणे, पाणी मागून पिणे, ही नशिबाची बाब मानली, त्याच्या दृष्टीने ती शून्य रेषा होती. तिच्याखाली जाण्याचे भय त्यास रोखून धरी. 1927 च्या महाडच्या सत्याग्रहापासून तीस वर्षे चाललेल्या चळवळीने ती शून्य रेषाच हलविली. तीच स्थिती आता तोटा म्हणून गणली जाऊ लागली. सवलत जाणे हे नुकसान खरे. पण हिंदू महार म्हणून नोंद ठेवणे हेही नुकसानच, आणि पुष्कळांच्या हिशेबी अधिक मोठे. अर्थात सर्वांनीच हा हिशेब सारखा मांडला नाही. काहींनी मनाने व आचाराने बौद्ध होऊनही कागदोपत्री जुनी नोंद राहू दिली. त्यांस दुटप्पी म्हणणारे पुष्कळ निघाले; एका घरातील दोन भावांनी दोन प्रकारच्या जोखमी वाटून घेतल्या, असेही त्याकडे पाहता येते. शिवाय ही उडी एकट्याची नव्हती. अवघ्या महारवाड्याने एकत्र निर्णय घेतल्यावर एका घरास वेगळे काढून वाळीत टाकणे गावास कठीण होई.

मात्र सामुदायिक धाडसाची दुसरी बाजूही मराठवाड्याने पाहिली आहे. 27 जुलै 1978 रोजी मराठवाडा विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी संमत केला. त्यानंतर उसळलेल्या दंगलीत खेडोपाडी दलित वस्त्या जाळण्यात आल्या. विद्यापीठाच्या नावाची मागणी प्रामुख्याने शहरातील शिक्षित तरुणांची. घरे जळाली ती गावाकडच्यांची, ज्यांपैकी अनेकांनी विद्यापीठाची पायरीही चढली नव्हती. 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार होईपर्यंत हा प्रश्न धुमसत राहिला. जोखीम घेणारा एक आणि तिची किंमत मोजणारा दुसरा, ही विभागणी हुंडीच्या व्यवहारात उभयपक्षी संमतीने होते. समाजात ती बहुधा कोणास न विचारता होते.

घराच्या आतही हीच विभागणी आढळते व अभ्यासकांचे तिकडे फारसे लक्ष गेलेले नाही. प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' (1979) हे आत्मकथन मराठवाड्यातील एका पोरक्या मुलाच्या शिक्षणाची कथा म्हणून वाचले जाते. बहिणीच्या घरी राहून शिकलेल्या या मुलाची कथा त्या बहिणीच्या बाजूने वाचून पाहिली, तर आधार या शब्दाचा घरगुती अर्थ ध्यानात येतो. शासनाची शिष्यवृत्ती व संस्थेचे वसतिगृह मॅट्रिकनंतर भेटत. तोवरची दहा-अकरा वर्षे ज्यांनी निभावली, त्या आया व बहिणी रोजंदारीवर जात होत्या, आणि मुलाच्या वाट्याचे काम त्यांच्या अंगावर पडत होते.

आत्मकथने लिहिली जातात ती पार पडलेल्यांकडून. पहिल्या वर्षीच नापास होऊन परतलेला, बाप वारल्यामुळे सत्राच्या मध्येच गाव गाठलेला, इंग्रजीच्या धास्तीने पुस्तके ठेवून गेलेला विद्यार्थी त्यांत क्वचितच भेटतो. त्याचे नाव महाविद्यालयाच्या प्रवेशपटावर असते आणि परीक्षेच्या यादीत नसते. जोखमीचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने आपले काम या दोन याद्या शेजारी शेजारी ठेवून सुरू करावे. परतलेल्या मुलास गावाने पुन्हा जुन्या चाकरीस जुंपले, की दोन वर्षांच्या शिक्षणाच्या बळावर तो कोठे शिपाई, कोठे प्राथमिक शिक्षक, कोठे ग्रामपंचायतीचा सदस्य झाला, याचे उत्तर त्या याद्यांतील गावांची नावे घेऊन त्या त्या गावी गेल्यावरच मिळेल.